रानमोहरी म्हणून आलेले पोते

श्रावण सरता सरता येडशी-रामलिंगच्या डोंगरउतारावरून एका गुराख्याने पिवळ्या फुलांची जुडी आणून दिली. "रानमोहरी हाय, वैद्यबुवा," असे तो म्हणाला. पुढे काही दिवसांनी त्याच नावाची चिठ्ठी लावलेले बियांचे पोते एका औषधीविक्रेत्याकडे आमच्या दृष्टीस पडले. ते सर्षप म्हणून देण्याचा त्याचा विचार होता. म्हणून हा लेखनप्रपंच.

बालाघाटच्या या पट्ट्यात मोहरी व शिरस ही रब्बीची पिके. त्यांस फुले येतात ती थंडीत. तेव्हा भर पावसाळ्यात खडकाळ पडीक माळावर 'मोहरी' फुललेली दिसली की वैद्याने प्रथम शंका घ्यावी. जुडी हाती घेताच आमची बोटे चिकट झाली व उग्र दर्प आला. पाने पंजासारखी विभागलेली, खाली पाच पर्णिका, शेंड्याकडे तीन. पाकळ्या चार खऱ्या. पण मोहरीच्या पाकळ्या चौफुलीप्रमाणे समोरासमोर असतात, येथे चारही एकाच बाजूस कललेल्या. निर्णायक खूण पुंकेसरांची. मोहरीस ते सहा, चार लांब व दोन आखूड. येथे दहा-वीस, क्वचित अधिकही. शेंग रेषांकित, चिकट केसांची. बी मोहरीसारखे गोल नसून वृक्काकार व आडव्या सुरकुत्यांचे. ही पिवळी तिळवण, अर्थात क्लिओम व्हिस्कोसा.

गुराख्यास दोष देण्याचे कारण नाही. शेळ्या-मेंढ्या राखणारे व वनवासी यांना वनस्पती नामरूपाने ठाऊक असतात, हे चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात मान्य केले आहे. त्यांचा योग जाणणे हे वैद्याचे काम. शिवाय या नावात थोडे तथ्यही आहे. गढवाल-कुमाऊँच्या पहाडी स्वयंपाकात हेच बी 'जखिया' म्हणून फोडणीस घालतात. पूर्वी वरुणाच्या कुलात गणली जाणारी तिळवण आता स्वतंत्र कुलात ठेवली असून ते कुल मोहरीच्या कुलास सर्वांत जवळचे मानले जाते. परंतु फोडणीत चालते ते योगात चालेल, हा न्याय आम्हांस मान्य नाही. सर्षपाचे गुणकर्म सर्षपाचेच.

नावांचा घोळ येथेच संपत नाही. पिवळ्या तिळवणीस 'कानफुटी' म्हणतात आणि फुग्यासारख्या फळांच्या कपाळफोडीच्या वेलीसही. चिठ्ठीवर नुसते 'कानफुटी' लिहिणाऱ्या वैद्याने रुग्णाच्या हाती काय पडेल याची खात्री कशी द्यावी? तिळवणीच्या पानांचा रस त्वचेस लालसर करतो, फोडही आणतो. पडदा फुटलेल्या कानात तो घातला गेला तर काय होईल, हे सांगावयास नको.

खरे भय मात्र तिसऱ्याच वनस्पतीचे. पिवळा धोत्रा, म्हणजे काटेरी पानांचा व पिवळ्या चिकाचा आर्जिमोन मेक्सिकाना, मोहरीच्या शेतात व बांधावर वाढतो आणि त्याचे काळे बी सहज मिसळले जाते. १९९८ साली दिल्लीत अशा भेसळीच्या तेलाने जलशोथाची साथ येऊन साठांहून अधिक माणसे दगावली. तळहातावर चिमूटभर बी घेऊन भिंगाखाली पाहावे. धोत्र्याच्या बियांवर जाळीदार खळगे स्पष्ट दिसतात. भिंगाची किंमत एका चूर्णाच्या डब्याहून फारशी अधिक नसावी, तरी किती औषधालयांत ते आहे?

निर्मात्यांना २००० सालापासून 'शेड्यूल टी'नुसार कच्च्या द्रव्याची पारख बंधनकारक आहे. पण सुटे द्रव्य विकणाऱ्या दुकानात ती पारख वैद्य व दुकानदार या दोघांच्या सचोटीवरच उभी असते. आमचे मत स्पष्ट आहे: डोंगरातून येणारे कोणतेही द्रव्य केवळ लोकनावावर विकत घेऊ नये. संकलकाकडून फूल व शेंग असलेली एक फांदी मागावी, ती वर्तमानपत्रात दाबून वाळवावी, तारीख व गाव लिहून पोत्याबरोबर ठेवावी. शंका असल्यास धाराशिवच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयातील द्रव्यगुण विभागाचा सल्ला घ्यावा.

त्या विक्रेत्याने आमच्यासमोर चिठ्ठी बदलून 'पिवळी तिळवण' लिहिले. भाव अर्थातच उतरला, आणि तो आमच्यावर काहीसा नाराज आहे.