स्वभावाला औषध नाही?



मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला घरचे, शेजारचे आणि पुष्कळदा पोलीस ठाण्यातलेही एकच ऐकवतात : पुरुषाची जातच तशी, स्वभावाला औषध नसतं. शिकलेल्या घरांत हेच म्हणणं विज्ञानाचा अंगरखा घालून येतं. माणूस वानरकुळातला, तिथे बलवान नर सत्ता गाजवतो आणि माद्या पिल्लं सांभाळतात, मग निसर्गाशी भांडून काय उपयोग? हा ‘निसर्ग’ कोणी, कुठे आणि कसा पाहिला, हे तपासायला हवं.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९२५ साली सुमारे १०० बबून माकडं एका कृत्रिम टेकडीवर सोडली. जवळजवळ सगळे नर, माद्या जेमतेम सहा. रानात या जातीच्या एका नराभोवती अनेक माद्या असतात. इथे प्रमाण उलटं, जागा अपुरी आणि पळायला वाट नाही. नरांच्या जीवघेण्या मारामाऱ्या झाल्या आणि त्या ओढाताणीत माद्या मेल्या. १९२७ साली आणखी ३० माद्या आणून सोडल्या. त्यांतल्या बहुतेकींची तीच गत झाली. सॉली झुकरमन यांनी १९३२ च्या पुस्तकात या टेकडीचा मोठा आधार घेऊन माकडांचा समाज नराच्या हुकमतीवर आणि लैंगिक ओढीवर उभा असल्याचं मांडलं. तुरुंगातलं वागणं निसर्गाच्या खात्यावर जमा झालं.

पुढे अभ्यासक रानात गेले, तरी त्यांची नजर भांडणाऱ्या, आरडाओरडा करणाऱ्या मोठ्या नरांवरच खिळायची. मूळच्या गणिताच्या विद्यार्थिनी असलेल्या जीन ऑल्टमन यांनी १९७४ साली यावर साधा उपाय मांडला. डोळ्यांत भरेल तेवढंच टिपायचं नाही. कळपातल्या प्रत्येकाला पाळीपाळीने ठरावीक वेळ द्यायचा आणि त्या वेळात तो प्राणी जे करील ते सगळं नोंदवायचं. आज ही पद्धत जगभर वापरली जाते.

केनियातल्या अंबोसेलीत १९७१ पासून चाललेल्या बबूनांच्या नोंदींतून निराळाच समाज दिसू लागला. नर वयात आले की कळप सोडतात. माद्या सहसा जन्मभर तिथेच राहतात. मादीचं स्थान आईकडून लेकीकडे जातं. कोण कोणाची नातलग, कोण कोणाच्या पाठीशी उभी राहील, हे त्या ओळखून असतात. २००३ साली ऑल्टमन आणि त्यांच्या सहकारी संशोधिकांनी दाखवून दिलं, की ज्या माद्यांचा इतरांशी घरोबा अधिक, त्यांची पिल्लं जगण्याचं प्रमाणही अधिक; मग आईचा हुद्दा काहीही असो.

म्हणून मादी म्हणजे निव्वळ माया, असंही नाही. टांझानियातल्या गोम्बे इथे जेन गुडाल १९६० पासून चिंपांझींचा अभ्यास करू लागल्या. त्यांनी प्राण्यांना क्रमांकांऐवजी नावं दिली, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असल्याचं सांगितलं, तेव्हा विद्वानांनी नाकं मुरडली. त्यांच्या नोंदींत पिल्लांना जीव लावणारी, दरारा असलेली फ्लो आहे. तशीच स्वतःच्या लेकीकडे दुर्लक्ष करणारी आणि पुढे दुसऱ्या माद्यांची पिल्लं मारून खाणारी पॅशनही आहे. ‘आईचं काळीज’ साऱ्या जातीला सरसकट वाटलेलं नसतं.

आणि स्वभाव बदलतच नाही का? केनियातल्या बबूनांच्या आणखी एका कळपात १९८० च्या दशकात क्षयाची साथ आली. पर्यटक निवासाच्या उकिरड्यावर भांडायला जाणारे सर्वांत दांडगे नर दूषित मांस खाऊन मेले. उरले शांत नर आणि माद्या. रॉबर्ट सापोल्स्की आणि लिसा शेअर यांनी २००४ साली जे प्रसिद्ध केलं ते विचार करायला लावणारं आहे. साथीतून वाचलेले नर दहा वर्षांत उरले नव्हते, बाहेरून नवे आले होते, तरी कळपातला शांतपणा टिकून होता. नवागतांना माद्या लवकर जवळ करत आणि तेही इथली रीत उचलत.

यावरून माकडांकडून समतेचं प्रशस्तिपत्र मागावं, असं मात्र नाही. बोनोबो माद्या एकजुटीने नरांना आवरतात, चिंपांझी नर माद्यांना मारतात, आणि दोघेही आपले सारखेच जवळचे आप्त. सोयीचा आप्त निवडून पुरावा म्हणून उभा करायचा, हा खेळ आपण खेळू नये. आपले हक्क संविधानातून आणि संघर्षातून आले आहेत. उद्या रानात काहीही दिसलं तरी मार खाणं कोणा बाईचं प्राक्तन ठरत नाही.

घ्यायची आहे ती पाहण्याची शिस्त. प्रत्येकीच्या वेळेची नोंद केली की घरातलंही न दिसणारं दिसू लागतं. भारताच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवताना आढळल्या. घरकामाला हात लावणारे पुरुष ८८ मिनिटं. ‘घरी काही करत नाही, घरीच असते’ म्हणवल्या जाणाऱ्या बाईचा हा हिशेब आहे.

तेव्हा निसर्गाचा दाखला कोणी दिला, तर गप्प बसू नका. विचारा : कोणाकडे पाहिलंत, किती वेळ पाहिलंत, आणि ती टेकडी बांधली कोणी?

– संपादक मंडळ