इंजिनापुढे उभे असलेले हे कोण?

बोरघाटातल्या रेल्वेचं कंत्राट घेऊन सॉलोमन ट्रेडवेल १८५९मध्ये भारतात आले आणि थोड्याच दिवसांत वारले. काम त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी पुढे नेलं. १८६३मध्ये घाटातून गाडी धावली. या बाईंनी चालू कामाचे फोटोही काढले, म्हणून तो फोडलेला कातळ आज आपल्याला पाहता येतो. पण कातळ फोडणाऱ्या हजारो मजुरांची नावं? ती कुणी लिहून ठेवली?

तेच आज आपल्या घरात घडतंय. परळच्या वर्कशॉपमधले फिटर, कुर्डुवाडीला बार्शी लाइट रेल्वेच्या इंजिनावर उभा असलेला फायरमन, गिरणीच्या साचाखात्यातला ग्रुप फोटो. असे किती फोटो आपल्या ट्रंकांत, माळ्यांवर पडून आहेत! आजी गेली की 'हा कोण?' याचं उत्तरही जातं. मग चाळ पुनर्विकासाला निघते आणि फोटो रद्दीत.

वाफेची बहुतेक इंजिनं भंगारात गेली, गिरण्यांच्या जागी टॉवर आले. त्या कामगारांचं जग दाखवणारं फारसं काही उरलेलं नाही. फोटो नीट पाहा: तेलकट चिंध्या खांद्यावर टाकलेला माणूस, हातातला पाना, अनवाणी पाय. इंजिनावरच्या पाटीचा क्रमांक वाचता आला, तर ते कुठल्या कारखान्यात, कधी बनलं, हेही शोधता येतं. हा आपल्याच माणसांच्या कष्टांचा पुरावा आहे.

आणि तो नाजूक आहे. एकोणिसाव्या शतकातले बरेच फोटो अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या पातळ कागदावरचे. आपल्या पावसाळी दमटपणात ते पिवळे पडतात, त्यांना कसर लागते. काचेच्या निगेटिव्हवरचा थर ओलाव्याने सुटतो.

म्हणून या रविवारी ट्रंक उघडूया. घरातल्या थोरामोठ्यांना शेजारी बसवून फोटोतला एकेक चेहरा विचारूया, त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करूया. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने नाव, गाव, खातं लिहूया, बॉलपेन नको. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, ओलं फडकं तर मुळीच नको. स्कॅन करून एक प्रत भावंडांकडे, एक गावच्या वाचनालयाकडे देऊया. मूळ फोटो माळ्यावरून उतरवून कोरड्या कपाटात ठेवूया. शेजारचे काका रेल्वेतून निवृत्त झाले असतील, तर त्यांचंही दार वाजवूया.