अंदाजात हरवलेले डोंगर

'मोबाईलवर पाऊस दाखवला, पण आमच्या शिवारात थेंब नाही. पलीकडच्या गावात मात्र नाले दुथडी भरून वाहिले.' यवतमाळ जिल्ह्यात पावसाळाभर ही तक्रार ऐकू येते. मग हवामान खात्याची थट्टा होते आणि विषय संपतो. पण पूर, उष्माघात आणि फवारणीतील विषबाधा या तिन्हींचा हवामानाच्या अंदाजाशी संबंध आहे. त्यामुळे अंदाज कुठे कमी पडतो, हे समजून घेणे आरोग्याच्या दृष्टीनेही गरजेचे आहे.

संगणकावरचे हवामान मॉडेल पृथ्वीचे लहान लहान तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्याला एकच उंची देते. ही उंची म्हणजे त्या तुकड्यातील जमिनीची सरासरी. त्यामुळे शिखर खाली येते आणि दरी भरून निघते. आपल्या देशात वापरात असलेल्या जागतिक मॉडेलचा तुकडा अलीकडेपर्यंत सुमारे 12 किलोमीटर लांबी-रुंदीचा होता. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' 26 मे 2025 रोजी सुरू झाली आणि हा तुकडा 6 किलोमीटरवर आला. म्हणजे एका तुकड्याच्या जागी चार झाले. ही मोठी प्रगती आहे. तरीही एखादा डोंगर मॉडेलला नीट 'दिसायचा' तर त्यावर असे चार-सहा तुकडे पडावे लागतात. सह्याद्रीची रांग त्यात येते. पुसद, महागाव, घाटंजीकडच्या टेकड्या बहुतांशी पुसल्याच जातात.

डोंगराचे महत्त्व किती, हे महाराष्ट्राला सांगायला नको. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर घाट उतरून तासाभराच्या अंतरावर असलेल्या वाईला हजारही नाही. 1975 मध्ये हान आणि मानाबे या शास्त्रज्ञांनी संगणकातल्या पृथ्वीवरून पर्वत काढून टाकले, तेव्हा आपला मान्सून उत्तरेकडे नीट सरकेनाच. यांपैकी मानाबे यांना पुढे 2021 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. डोंगर वाऱ्याला ब्रेकही लावतात. 1980 च्या दशकात मॉडेलमधले पश्चिमी वारे प्रत्यक्षापेक्षा जास्त जोरात वाहत होते. न दिसणाऱ्या डोंगरांचा हा अडथळा सूत्राने हिशेबात धरल्यावर अंदाज सुधारले. पण अशा सूत्राने साऱ्या जगाच्या वाऱ्यांचा हिशेब जुळतो. कोणत्या नाल्याला किती पाणी येईल, हे त्यातून कळत नाही.

याची किंमत कुठे मोजावी लागते? 22 जुलै 2023 च्या अतिवृष्टीत महागाव तालुक्यातील आनंदनगरला पुराने वेढले आणि अडकलेल्या ग्रामस्थांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर बोलवावी लागली. 'जिल्ह्यात मुसळधार' इतका इशारा अशा वेळी पुरत नाही. टेकड्यांवर पडलेले पाणी उतारावरून काही तासांत गावात येते. वर किती पडले, हे खालच्या गावाला वेळेत कळले तरच माणसे हलवता येतात.

उन्हाळ्याचेही तसेच. यवतमाळ शहर सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे, तर वणी त्याच्या निम्म्या उंचीवर. दर शंभर मीटरला सुमारे 0.65 अंश फरक धरला, तर केवळ उंचीमुळे दोन्हीकडच्या तापमानात सव्वा ते दीड अंशाचे अंतर पडते. जिल्ह्याचा एकच आकडा वाचून वणीकडच्या मजुराने दुपारचे काम ठरवले, तर तो धोका कमी लेखतो.

सर्वात नाजूक बाब फवारणीची. 2017 च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले आणि शेकडो जण रुग्णालयांत दाखल झाले. त्याला कारणे अनेक होती: औषधांचे घातक मिश्रण, संरक्षक साधनांचा अभाव, दाट वाढलेली कपाशी. ते अंदाजाच्या माथी मारता येणार नाही. पण फवारणीची वेळ उघडीप आणि वारा पाहूनच ठरते. टेकड्यांमधल्या सखल शिवारात रात्री थंड हवा साचते. पहाटे वारा पडलेला असतो आणि औषधाचे तुषार वर न जाता माणसाच्या नाका-तोंडाशी रेंगाळतात. तो सखल भागच मॉडेलमध्ये नसेल, तर मोबाईलवरचा वाऱ्याचा आकडा तिथे कामाचा नाही. शिवारात धूर सरळ वर न जाता आडवा पसरताना दिसला, तर कास्तकाराने फवारणी थांबवावी.

म्हणून अंदाज टाकून द्यायचा का? मुळीच नाही. दोन-चार दिवस आधी मोठा पाऊस येणार, हे सांगण्यात मॉडेलची बरोबरी कुणी करू शकत नाही. प्रश्न शेवटच्या काही किलोमीटरचा आहे आणि तो केवळ मोठा संगणक घेऊन सुटणार नाही. 'महावेध'ची स्वयंचलित केंद्रे महसूल मंडळाच्या पातळीवर आहेत, पण एका मंडळात माथाही असतो आणि पायथाही. डोंगराळ तालुक्यांत नाल्यांच्या वरच्या अंगाला पर्जन्यमापक हवेत आणि त्यांची नोंद तासातासाला खालच्या ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचायला हवी. उष्म्याचा इशारा तालुक्यागणिक वेगळा हवा. फवारणीच्या महिन्यांत वाऱ्याचा आणि उघडिपीचा सल्ला कृषी सहायकासोबत आशा सेविकेकडेही यावा, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रालाही तयारीत राहता येईल.

पर्जन्यमापक हे स्वस्त आणि साधे उपकरण आहे. पुरानंतर हेलिकॉप्टर पाठवणाऱ्या व्यवस्थेला टेकडीच्या माथ्यावर ते बसवणे जड जाऊ नये. पुढच्या मृगाआधी जिल्हा नियोजनात त्यासाठी तरतूद झाली पाहिजे.