दारू अचानक बंद करणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या घरच्यांसाठी जाहीर आवाहन

रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकदम बंद केली, की शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत त्रास सुरू होतो. हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, छातीत धडधडते, मळमळते, झोप उडते. डॉक्टर याला विथड्रॉअल म्हणतात. दारू मेंदूला सतत गुंगवत असते. त्या गुंगीतही काम चालावे म्हणून मेंदू स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू थांबली की ही वाढलेली उत्तेजना मोकाट सुटते. बहुतेकांचा त्रास चार-पाच दिवसांत ओसरतो. काहींना मात्र पहिल्या दोन दिवसांत फिट येते. थोड्या जणांना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास डिलिरियम ट्रेमेन्स होतो: स्थळकाळाचे भान सुटते, नसलेली माणसे आणि किडे दिसतात, ताप चढतो, रक्तदाब भडकतो. उपचार न मिळाल्यास यात जीव जाऊ शकतो.

फिट आणि डिलिरियम पुरुषांत अधिक आढळतात, असे रुग्णालयांतील अनेक अभ्यासांत दिसले आहे. याचे एक कारण उघड आहे: पुरुष बहुधा जास्त दारू पितात आणि जास्त वर्षे पितात. दुसरे कारण शरीराचे असावे, कारण प्रयोगशाळेतील मादी उंदीरही दारू तोडल्यानंतरच्या फिटच्या धोक्यातून नरांपेक्षा लवकर सावरतात. पण सरासरीने कोणा एका बाईला संरक्षण मिळत नाही; फिट तिलाही येते.

महाराष्ट्रात दारू अचानक तुटण्याचे प्रसंग ठरलेले आहेत. गटारीला भरपूर पिऊन श्रावण पाळला जातो, माळ घातली जाते, देवासमोर शपथ घेतली जाते. या निश्चयाचा आदरच करायला हवा. मात्र दारू सोडून पुन्हा धरण्याची प्रत्येक फेरी पुढचे विथड्रॉअल अधिक तीव्र करू शकते. म्हणून ‘गेल्या श्रावणात काही झाले नाही’ हा भरवसा फसवा आहे. हाड मोडून किंवा ऑपरेशनसाठी दाखल झालेला माणूस तिसऱ्या दिवशी बरळू लागला, तर घरचे ‘बाहेरचे’ शोधू लागतात. दाखल होतानाच रोजच्या पिण्याचे प्रमाण खरेखुरे सांगितले, तर ही वेळ बहुधा टळते.

बाईचे पिणे मात्र सांगितलेच जात नाही. 2019 साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात 27.3 टक्के पुरुष आणि 1.6 टक्के स्त्रिया दारू पितात. ही तफावत एवढी मोठी आहे, की बाईचे हात थरथरले तर दारूची शंका कोणाच्या मनात येत नाही. थायरॉइड, पाळी जाण्याचे वय, टेन्शन, अंगात येणे असे काहीही नाव त्या त्रासाला दिले जाते. दारू सोडू पाहणाऱ्या स्त्रियांत चिंता आणि उदासी अधिक आढळते, त्यामुळे हा गैरसमज आणखी पक्का होतो. लाजेपोटी ती गप्प राहते आणि घरातच दारू तोडते. बदनामीची ही भीती जिवाला घातक आहे.

तिचे शरीरही तिला सवलत देत नाही. स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असते, म्हणून तेवढ्याच दारूने तिच्या रक्तातील पातळी जास्त चढते. यकृताचे नुकसानही कमी वर्षांत होते. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या चालू असतील आणि दारूबरोबर त्याही एकदम बंद झाल्या, तर धोका वाढतो. गरोदरपणात दारू सोडायलाच हवी, पण रोज पिणाऱ्या बाईने ती रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी; तीव्र विथड्रॉअल बाळालाही धोक्यात आणते.

विथड्रॉअलवर खात्रीचे उपचार आहेत. डॉक्टर शामक औषधे देऊन ती काही दिवसांत कमी करत आणतात; यकृत बिघडलेले असेल तर औषध बदलतात. मेंदूला इजा होऊ नये म्हणून जीवनसत्त्व बी-1 दिले जाते. नुसती ग्लुकोजची सलाईन लावून घेणे हा यावरचा उपचार नाही. नवऱ्याच्या जेवणात नकळत गोळी मिसळण्याचा प्रकारही थांबवावा: त्यात डायसल्फिरॅम असेल आणि वर दारू पोटात गेली, तर रक्तदाब कोसळू शकतो.

नागरिकांना आवाहन आहे, की रोज पिणाऱ्या व्यक्तीने, पुरुष असो वा स्त्री, दारू सोडायचे ठरवले, तर तिला आधी डॉक्टरांकडे न्यावे. पूर्वी फिट आली असेल, तर घरी प्रयोग करू नये. बाईशी डॉक्टरांना एकांतात बोलू द्यावे. सासू किंवा नवरा शेजारी बसलेला असताना ती खरे सांगणार नाही. आशाताईंनी आणि बचत गटांतील मैत्रिणींनी तिच्यासोबत दवाखान्यात जावे. फिट, भ्रम किंवा ताप दिसताच 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी 14446 आणि मानसिक आधारासाठी 14416 हे राष्ट्रीय क्रमांक विनाशुल्क आहेत.