तंबू कुणाचा, रात्र कुणाची?



ज्वारी हुरड्यात आली की जागलीला गेला नाही असा कोरडवाहू शेतकरी सापडणार नाही. धुऱ्यावर माळा, अंगावर घोंगडी, बाजूला शेकोटी आणि वर चांदणे. रात्री डुकरे हाकायची, पहाटे पाखरे. घरी अंथरूण असताना रानात झोपावे लागते, याला आपण कधी मौज म्हटले नाही, नाइलाज म्हटले.

शहरातला माणूस आता नेमके हेच करण्यासाठी डोंगरात जातो आणि त्याचे पैसे मोजतो. तंबू ठोकून शेकोटीभोवती बसायचे, रात्र काढायची, सकाळी परत. याला कॅम्पिंग म्हणतात. तंबूत पलंग, गादी, दिवे आणि मागे संडास-न्हाणीघर असले की तेच ग्लॅम्पिंग होते आणि भाव तिप्पट-चौपट होतो.

हा विषय हसून सोडून द्यावा असे मलाही वाटत होते. गेल्या हिवाळ्यात एका लग्नाच्या निमित्ताने मावळात जाणे झाले आणि मत बदलले.

पवनेच्या काठी

पुणे जिल्ह्यात पवना धरण आहे. चहूबाजूंनी लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या पाण्याच्या काठी तंबूंची रांग लागली. शनिवारी दुपारपासून पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात. भात निघालेल्या खाचरात रंगीत तंबू, कोंबडी भाजायच्या शेगड्या, गाणे-बजावणे. रात्री डोंगर दिसत नाही एवढा उजेड.

एका तळावर पाण्याचे जार उचलणाऱ्या माणसाशी बोलणे झाले. मी त्याला गडी समजलो. जमीन त्याचीच निघाली. वीस गुंठे शहरातल्या एका तंबूवाल्याला वर्षाला साठ हजारांनी दिलेले, पाच वर्षांचा करार, भाडे वाढायचे नाही. वर हा स्वतः महिन्याच्या पगारावर तिथेच कामाला. बायको भाकऱ्या थापते, शंभर भाकऱ्यांमागे ठरलेले पैसे. तो म्हणाला, “भातात काय सुटत होतं? हे निदान रोख तरी आहे.”

खोटे नव्हते ते. पण हिशेब मांडून पाहू. समजा दहा तंबू, तंबूत दोन माणसे, माणशी बाराशे. भरलेल्या एका रात्रीचे चोवीस हजार झाले. म्हणजे जमीनवाल्याचे वर्षाचे भाडे अडीच रात्रींत निघाले. वर्षात शनिवार बावन्न. पावसाळ्यातले आणि रिकामे गेलेले सोडा, तंबू, गाद्या, जेवण, नोकर, जाहिरात यांचा खर्चही वजा करा. तरीही मोठा हिस्सा कुणाकडे गेला हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

हे गणित आपल्या ओळखीचे आहे

या माणसाने जे केले ते आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. आपण कापूस विकतो, जिनिंगवाला सरकी आणि रुई वेगळी करून विकतो, गिरणीवाला सूत विकतो, पुढचा कापड विकतो. प्रत्येक पायरीवर भाव चढतो आणि सर्वात खालच्या पायरीवर आपण उभे असतो. ग्लॅम्पिंगचे महागडे तंबू बहुधा जाड सुती कॅनव्हासचे असतात. नायलॉनमध्ये कोंडते, सुती कापडात हवा खेळते. म्हणजे तंबूचे कापडही कुणातरी कापूस उत्पादकाच्या रानातूनच आले.

मावळातल्या शेतकऱ्याने जमीन कच्च्या मालासारखी विकली. पाहुणा पैसे मोजतो ते रात्रीचे, चांदण्याचे, डोंगराच्या गारव्याचे, चुलीवरच्या पिठल्याचे. भाडे मिळाले ते फक्त गुंठ्यांचे.

२०२५-२६ च्या हंगामासाठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३७४९ रुपये जाहीर झाला. बऱ्यापैकी सजवलेल्या तंबूत जोडप्याची एक रात्र याहून स्वस्त क्वचितच पडते. त्यांनी एकदा झोपून उठावे आणि आपण क्विंटलभर ज्वारी मोजून द्यावी, असा हा व्यवहार आहे. आणि जाहीर झालेला भाव हातात किती पडतो, ते बाजार समितीच्या ओट्यावर बसलेल्याला विचारा.

पवनेच्या काठी हे जास्त बोचते, कारण तिथल्या माणसाने एकदा सर्वस्व देऊन झाले आहे. धरणात त्याची जमीन गेली आणि शेकडो खातेदारांचे पुनर्वसन दशकानुदशके रखडले. पाणी पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीतून न्यायचे ठरले तेव्हा शेतकरी रस्त्यावर उतरला. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर पोलिसांनी गोळीबार केला, तीन शेतकरी मेले. जमीन गेली, पाणी गेले. उरली होती ती काठावरची रात्र. तीही भाडेपट्ट्याने जाणार का, हा प्रश्न आहे.

नाक मुरडू नका

आपल्यातले काही म्हणतील, ही पैसेवाल्यांची थेरे, आपला काय संबंध? मला हे पटत नाही. गिऱ्हाईक कष्टाचे पैसे घेऊन दारात येत असेल तर त्याला हिणवण्याचे कारण नाही. चार भिंतींत कोंडलेल्या माणसाला पोरांना चांदणे दाखवावेसे वाटते, यात वाईट काय? पवनेच्या काठी स्वतःचे तंबू स्वतः लावणारी स्थानिक पोरेही आहेत. तंबू वाईट नाही, व्यवहार वाईट असू शकतो.

गावाने व्यवहार हातात ठेवल्याची उदाहरणे आहेत. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आले. तिथे फुलांच्या हंगामात आसपासच्या गावांची वन व्यवस्थापन समिती प्रवेश शुल्क घेते आणि माणसे मोजून आत सोडते. अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, रान दाखवायला गावचाच माणूस जातो.

उलटे उदाहरणही त्याच तालुक्यात भंडारदऱ्याच्या बाजूला आहे. मे अखेरीस, पावसाच्या तोंडावर तिथली झाडे काजव्यांनी लखलखतात. ते पाहायला एवढ्या गाड्या लोटतात की दिव्यांच्या झोतात काजवाच दिसेनासा होतो. काजव्याचा नर लुकलुकून मादीला खूण करतो, उजेडात ती खूण हरवते. अळ्या जमिनीवर वाढतात, त्या पायाखाली जातात. तिथे विकायचा माल अंधार आहे. जनरेटर लावून, मोठ्याने गाणी लावून मालच संपवला तर पुढच्या वर्षी विकायचे काय? कापसात पाणी मारून एकदाच वजन वाढवता येते, गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

आपला डोंगर कुठला?

आपल्या कोरडवाहू पट्ट्याला सह्याद्री नाही. अमरावतीकरांना चिखलदरा आहे, बाकी माळरान. पण आपल्याकडे हुरडा आहे. पौषाच्या थंडीत आगटी पेटवायची, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसे भाजायची, हातावर चोळून गरम हुरडा, सोबत तिळाची चटणी, गूळ, दही, बोरे. शहरातली माणसे यासाठी माणशी पैसे मोजून शेतावर येऊ लागली, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. गुळभेंडी, सुरती असे खास हुरड्याचे वाण आपल्याकडे होतेच, राहुरीच्या कृषी विद्यापीठाने फुले उत्तरा हा वाणही दिला. कणीस दुधातून चिकात आले की मोजके दिवस मिळतात. थोड्या थोड्या क्षेत्रावर आठ-आठ दिवसांच्या अंतराने पेरणी केली तर हे दिवस लांबवता येतात. तेच धाटावर वाळले तर बाजार समितीचा भाव, ओले भाजले तर आपला भाव.

हुरडा खायला आलेला माणूस संध्याकाळी निघून जातो. त्याला रात्री ठेवायचे तर दोन तंबू, स्वच्छ संडास आणि गार रात्र एवढेच लागते. जागलीचा माळा आपल्याकडे आहेच.

मात्र चार गोष्टी गाठीला बांधा.

एक, जमीन ठोक भाड्याने देऊ नका. द्यायचीच तर प्रत्येक पाहुण्यामागे हिस्सा ठरवा, मुदत छोटी ठेवा आणि करार वाचून घेतल्याशिवाय अंगठा किंवा सही करू नका.

दोन, घरच्या बाईची भाकरी फुकट धरू नका. तिची मजुरी आधी खर्चात लिहा, मग नफा काढा. ही सवय आपण शेतीत लावली नाही म्हणून उत्पादन खर्च कायम खोटा निघाला.

तीन, पाणी आधी गावाचे. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात पाहुण्यांना पोहायला हौद बांधणे हे पाप आहे. हुरड्याच्या दिवसांत विहिरीला पाणी असते, धंदा त्याच दिवसांचा ठेवा.

चार, याला कापसाच्या भावाचे उत्तर समजू नका. हे सर्वांत महत्त्वाचे. राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आणले. नोंदणीचा उपयोग होत असेल तर जरूर करा. पण भाव मागितला की जोडधंदा सांगायचा ही जुनी खोड आहे. कधी कोंबड्या सांगितल्या, कधी शेळ्या, कधी मधमाश्या. उद्या तंबू सांगतील. शहरापासून दोन-तीन तासांच्या अंतरावरच्या मोजक्या गावांना तंबू जमेल, यवतमाळ-बीडच्या आतल्या गावाला पाहुणा येणार नाही. तिथल्या शेतकऱ्याला कापसाचा भावच लागेल.

जमेल त्याने मात्र मागे राहू नये. जिल्हा बैठकीला येताना ज्यांच्या शिवारात तंबू आलेत किंवा हुरड्याला पाहुणे येतात, त्यांनी करार आणि खर्चाची वही सोबत आणावी. माणशी किती आले, गाडी-लाकूड-भाकरी धरून किती गेले, हातात किती राहिले, ते सर्वांसमोर वाचू.

पवनेच्या काठचा तो माणूस निघताना म्हणाला, करार संपायला दोन वर्षे आहेत. पुढे काय करणार, असे मी विचारले. त्याने तंबूंकडे पाहिले आणि म्हणाला, “चार तंबू घेईन म्हणतो. पाण्याचे जार तर मला उचलता येतातच.”