निदानाची घाई

मराठीच्या पदव्युत्तर प्रबंधिकांमधून एक वाक्य आम्हांला वारंवार भेटते: अमुक पात्र अमुक व्यक्तिमत्त्व विकाराने ग्रस्त आहे. 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर असो की 'गिधाडे'मधली भावंडे, लेबल चिकटले की वाचन संपते. या प्रथेला आमचा विरोध आहे. मात्र तो साहित्याच्या सोवळेपणातून आलेला नाही. आमची तक्रार उलट आहे: ही मंडळी मनोविकारशास्त्रही पुरेशा गांभीर्याने घेत नाहीत.

प्रौढांच्या व्यक्तिमत्त्वाचे व वर्तनाचे विकार जागतिक आरोग्य संघटनेच्या 'आयसीडी-१०'ने एकत्र मांडले होते. त्यात प्रकारांच्या चौकटी होत्या, आणि कशातच न बसणाऱ्यांसाठी शेवटी 'अनिर्दिष्ट' असा कप्पाही होता. २०१९ मध्ये संमत होऊन २०२२ पासून लागू झालेल्या 'आयसीडी-११'ने त्या चौकटी बहुतांशी मोडल्या. आता आधी विचारले जाते ते तीव्रतेविषयी: या माणसाचे स्वतःशी आणि इतरांशी असलेले नाते किती, आणि किती काळ, बिघडलेले आहे? स्वभावविशेष त्यानंतर. (अमेरिकेच्या 'डीएसएम-५'ने २०१३ मध्ये जुने दहा प्रकार कायम ठेवले, म्हणजे तज्ज्ञांतही एकमत नाहीच.) शिवाय ते वर्तन त्या समाजाच्या रीतीत कसे दिसते, हे तपासल्याखेरीज निदान करू नये, असा संकेत आहे. प्रत्यक्ष तपासणीवाचून सार्वजनिक व्यक्तीविषयी व्यावसायिक मत देऊ नये, हा नियम अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये स्वतःवर घालून घेतला. आमच्या प्रबंधिकांना असा कोणताच संकोच नसतो.

आणि चौकटीबाहेरच्या माणसाची नोंद कशी करावी, याचा वस्तुपाठ तर मराठी गद्याच्या आरंभीच आहे. 'गोविंदप्रभुचरित्रा'तले ऋद्धिपूरचे राऊळ लहान मुलांसारखे खेळतात, कुणाच्याही घरात शिरून खातात, रागावतात, जातीचे विधिनिषेध पाळत नाहीत. गावातले लोक त्यांना वेडे म्हणतात. भक्तांच्या लेखी ते ईश्वर आहेत. लेखक स्वतः भक्त, तरीही गावकऱ्यांचा शब्द त्याने गाळलेला नाही. कोण, कुठे, काय केले, समोरचा काय म्हणाला, एवढेच तो आखूड वाक्यांत लिहितो. हे चरित्र ज्यांच्या नावावर आहे त्या म्हाइंभटांनी 'लीळाचरित्रा'साठी गावोगाव जाऊन आठवणी गोळा केल्या आणि त्या नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या, असे परंपरा सांगते. आजच्या रुग्णेतिहासालाही नातेवाइकांची साक्ष लागतेच.

राऊळांना आज कोणता विकार ठरेल, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. आम्ही त्याला उत्तर देत नाही. त्या लीळेत कोण बोलतो आहे, एवढेच विचारतो. प्रबंधिकेच्या तोंडी परीक्षेतही हाच प्रश्न विचारला जावा: पांडुरंगाच्या आजाराची साक्ष कोण देतो, आणि कोणत्या पानावर?