गेल्या वर्षीच्या भावावर पोरांचा पेरा



मृग तोंडावर येतो, तेव्हाच दहावी-बारावीचे निकालही हातात पडलेले असतात. घरात पैसा एकच. त्यातून कपाशीच्या बियाण्याची पाकिटे आणायची, खताची पोती आणायची, की पोराच्या प्रवेशाचा पहिला हप्ता भरायचा? दोन्ही नडी एकाच महिन्यात दारात उभ्या राहतात.

पेरणीच्या बाबतीत आपण निदान चार जणांना विचारतो. कोणते वाण गेल्या साली कोणाच्या रानात कसे आले, जमीन भारी की हलकी, पाऊस लांबला तर काय, याची चर्चा पारावर आठ-आठ दिवस चालते. पोराच्या शिक्षणाची चर्चा मात्र दहा मिनिटांत संपते. शेजारच्याने संगणकाला घातला, म्हणून आपणही घालायचा. मामा म्हणाला, म्हणून डी.फार्मसी. अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराने यादीत वरचे दिसले त्यावर बोट ठेवले, म्हणून ते कॉलेज. पेरणी चुकली तर एक हंगाम जातो. इथे चार वर्षे जातात आणि कधी कधी दोन एकर रानही जाते.

या लेखात सांगायचे ते एवढेच: पोराचे शिक्षण हेही एक पीक आहे. त्याला खर्च आहे, मुदत आहे, बाजार आहे. त्याचा हिशेब पेरणीआधी मांडायला हवा, आणि गेल्या वर्षीच्या भावावर तो मांडून चालत नाही.

तुरीचा धडा

२०१५ साली तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेली. २०१६ च्या खरिपात ज्याने त्याने तूर वाढवली. पाऊसही बरा झाला. २०१७ च्या सुरुवातीला बोनससह हमीभाव ५०५० रुपये होता, आणि बाजारात तूर त्याच्या खाली विकावी लागत होती. खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या, बारदाना संपला, पोत्यांवर रात्री काढाव्या लागल्या. त्या रांगेत उभे राहिलेले कित्येक जण हा लेख वाचत असतील.

डी.एड.चे असेच झाले. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. मानधन थोडे होते, पण तीन वर्षांनी कायम मास्तर होता येत होते. गावोगाव पालकांनी पाहिले की डी.एड. झालेला पोर झेडपीच्या शाळेवर लागला. मग डी.एड.ची खाजगी महाविद्यालये तालुक्यातालुक्याला निघाली. बैलजोडी विकून, दागिने मोडून पोरे-पोरी तिथे घातल्या गेल्या. २०१० साली शिक्षक भरतीची सीईटी झाली आणि त्यानंतर भरती वर्षानुवर्षे थांबली. २०१३ पासून टीईटी आली, २०१७ साली अभियोग्यता चाचणी आली. एक परीक्षा पास झालेल्याला दुसरी द्यावी लागली आणि वय मात्र वाढत गेले. पुढे विद्यार्थी मिळेनात म्हणून त्यातली कित्येक महाविद्यालये बंद पडली. महाविद्यालय काढणाऱ्याने इमारत दुसऱ्या कामाला लावली. पोराची दोन वर्षे दुसऱ्या कामाला कशी लावायची?

अभियांत्रिकीची गोष्टही वेगळी नाही. १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. चारच वर्षांनी, १९८७ साली, देणगी घेऊन प्रवेश देण्यावर बंदी घालणारा कायदा सरकारला करावा लागला. यावरून त्या चार वर्षांत काय चालले होते ते समजावे. एक गोष्ट मात्र खरी, की त्या महाविद्यालयांतून खेड्यातली हजारो पोरे इंजिनिअर झाली आणि बऱ्याच घरांचे दिवस पालटले. पण जागा वाढत गेल्या आणि २०१० नंतर त्याच महाविद्यालयांत बाके रिकामी राहू लागली. स्थापत्य आणि यंत्र या शाखा एकेकाळी मानाच्या होत्या. अलीकडे सगळ्यांचा ओढा संगणकाकडे वळला. आज पेरलेली पदवी चार वर्षांनी बाजारात जाते. तेव्हाचा भाव आजच्या भावावरून कोणीही सांगू शकत नाही. जो छातीठोक सांगतो, त्याला जागा भरायच्या असतात.

क्विंटलात मोजा

कॉलेजच्या फीचा आकडा रुपयांत ऐकला की तो अंगावर येत नाही. तो क्विंटलात मोजून पाहा.

समजा फी, खोली, खानावळ, पुस्तके आणि येणेजाणे मिळून वर्षाला दीड लाख रुपये लागतात. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये होता. म्हणजे एका वर्षाच्या शिक्षणाला साडेअठरा क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल धरले तर जवळजवळ पाच एकरांचा सगळा कापूस झाला. तोही हमीभाव मिळाला तर, आणि बी, खत, निंदण, फवारणी, वेचणी यांतले काहीही न कापता. ज्वारीत मोजाल तर संकरित ज्वारीच्या ३६९९ रुपये हमीभावाने चाळीस क्विंटलांच्या वर. चार वर्षांचे झाले सहा लाख, म्हणजे चौऱ्याहत्तर क्विंटल कापूस. हा आकडा पोरालाही सांगा. त्याला घाबरवण्यासाठी सांगू नका. आपण कशाच्या बदल्यात शिकतो आहोत ते त्याला ठाऊक असावे, म्हणून सांगा.

आता पैसा कुठून आणायचा? नेहमीची वाट अशी, की सोसायटीचे पीककर्ज उचलायचे आणि त्यातून फी भरायची. मग खत-औषधासाठी कृषी सेवा केंद्राची उधारी आणि मजुरीसाठी सावकार. रान उपाशी राहते, पीक हलके येते आणि दुसऱ्या वर्षी फीही भरता येत नाही. एका दोरीने दोन बैल बांधले की दोघेही अडखळतात. फीसाठी पैसा लागणारच असेल तर तो शिक्षणासाठीच मागावा. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेच्या नियमाप्रमाणे तारण लागत नाही. हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढते, हे सही करण्याआधी समजून घ्या. २००८, २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्या शेतीकर्जाच्या होत्या. पोराच्या शिक्षणासाठी काढलेले कर्ज त्यांत बसले नाही.

चार प्रश्न

प्रवेशाच्या अर्जावर सही करण्याआधी घरातल्या सगळ्यांनी बसून चार प्रश्नांची उत्तरे काढावीत. पोरालाही त्यात बसवावे.

पहिला प्रश्न मगदुराचा. रानाचा मगदूर न पाहता कपाशी टोबली की बोंडे धरत नाहीत. हलके रान वाईट नसते, त्याचे पीक वेगळे असते. पोराचेही तसेच. गणिताचा घाम फुटणाऱ्या पोराला अभियांत्रिकीला घातले तर तो वर्षावर वर्षे काढील. मोटारीचे पंप खोलून जोडणारा, आजाऱ्याजवळ न कंटाळता बसणारी, बाजारात चार पैसे बरोबर हिशेबाने आणणारा, हे गुण गुणपत्रिकेत येत नाहीत. ते आईला माहीत असतात. तिला विचारा.

दुसरा प्रश्न पूर्ण खर्चाचा. फक्त पहिल्या हप्त्याचा आकडा धरू नका. खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांची फी ठरवायला २०१५ च्या कायद्याने राज्यात प्राधिकरण आहे. त्याने ठरवलेली फी किती आणि कॉलेज मागते किती, ते पाहा. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका.

तिसरा प्रश्न गिऱ्हाईकाचा. शिकून झाल्यावर हा माल घेणार कोण? कॉलेजच्या भिंतीवरचे हसरे फोटो पाहून याचे उत्तर मिळत नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी तिथून बाहेर पडलेली चार पोरे गाठा. त्यांना विचारा: कुठे आहात, महिन्याला हातात किती पडते, खोलीभाडे देऊन उरते किती? बियाण्याचा माहितीपत्रक आपण वाचतो, पण विश्वास ठेवतो तो शेजारच्या धुऱ्यापलीकडल्या पिकावर. इथेही तीच रीत ठेवा.

चौथा प्रश्न दुबार पेरणीचा. पहिले साधले नाही तर पुढे काय? ज्या वाटेवर मधे थांबता येते आणि पुन्हा चढता येते, ती वाट कोरडवाहू घराला सोईची.

टप्प्याटप्प्याची वाट

अशी वाट आहे, पण तिला मान नाही म्हणून आपण ती पाहत नाही. दहावीनंतर आयटीआयमध्ये वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी हे दोन वर्षांचे धंदे आहेत. महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीला यातलीच पात्रता लागते. आयटीआय झालेल्याला तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. पदविका झालेल्याला अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. म्हणजे इंजिनिअर होण्याचे दार बंद होत नाही. फरक इतकाच, की प्रत्येक टप्प्यावर हातात कमाईचे साधन असते आणि पुढचा टप्पा घरच्या ऐपतीप्रमाणे घेता येतो. बारावीनंतर तीन वर्षांचा परिचारिकेचा अभ्यासक्रम आहे. तालुक्यातल्या जिनिंगला, सौरपंपाला, ट्रॅक्टरला दुरुस्त करणारा हात लागतो, तो बाहेरून येतो आणि आपल्या पोराच्या दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्त घेऊन जातो.

तालुक्याच्या गावी बी.ए., बी.कॉम. करणेही वाईट नाही. खर्च कमी, पोर घरी, सुगीला हातभार. पण त्या तीन वर्षांत एखादे हाताचे काम शिकून घेतलेच पाहिजे.

स्पर्धा परीक्षेबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्या पोरांनी साहेब व्हावे, तहसील कचेरीत आपला माणूस बसावा, असे कोणाला वाटणार नाही? पण जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत, हा तिथला बाजार आहे. वयाची मुभा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत आहे. मुभा आहे म्हणून तिथवर थांबायचे नसते. पुण्यात खोली, क्लास, अभ्यासिका यांवर बाप दर महिन्याला पैसे पाठवतो आणि पोरगा लाजेने दिवाळीला गावी येत नाही. जाण्याआधीच घरात ठरवा: किती वर्षे, किती रुपये आणि त्यानंतर काय. ठरलेल्या दिवशी परत आलेल्या पोराला कोणी नापास म्हणायचे नाही, हेही त्याच वेळी ठरवा. पाऊस पडला नाही म्हणून आपण रानाला शिव्या देत नाही.

लेकीचे काय?

घरात दोघे शिकणारे असले की पैसा पोराकडे जातो आणि पोरगी जवळच्या कॉलेजात नाव घालून लग्नाची वाट पाहते. हिशेबाच्या भाषेतही हे खोटे आहे. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास गटांतल्या मुलींची शिक्षण व परीक्षा फी, घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, राज्य सरकारने माफ केली आहे. राहण्या-जेवण्याचा खर्च उरतो. त्यासाठी अल्पभूधारकांच्या मुलामुलींना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. दाखले वेळेत काढले नाहीत म्हणून हे हक्क बुडू देऊ नका. उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला निकालाच्या आधीच काढून ठेवा.

दोष कोणाचा?

कोणी म्हणेल, हा सगळा दोष अडाणी पालकांवर ढकलला. तसे नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी सांगितले होते, की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. पुढे भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, पंजाबरावांनी १९३२ साली अमरावतीला शिवाजी शिक्षण संस्था काढली, तेव्हा कुठे कुणब्याच्या पोराला वसतिगृहाचे दार दिसले. आज दारे पुष्कळ आहेत, पण प्रत्येक दारावर गल्ला आहे.

शेतीत चार पैसे उरत असते तर पोराने काय शिकावे हे शांतपणे ठरवता आले असते. शेती तोट्यात आहे म्हणून घाई आहे. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो, आणि त्याच्या हाताला सगळ्यात आधी लागते ते जाहिरातीचे कॉलेज. पोराने शिकावे ते शेतीतून पळून जाण्यासाठी, असे घरात रोज बोलले गेले की परत येणाऱ्या पोराला आपण हरलो असेच वाटणार. पदवी घेऊन गावात काम करणारा पोरगा हरलेला नसतो. त्याला पोरगी द्यायला कचरणाऱ्या सोयऱ्यांनीही याचा विचार करावा.

आता कामाचे. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक वही आणावी. गेल्या दहा वर्षांत गावातून किती मुले-मुली दहावीपुढे शिकली, काय शिकली, किती वर्षे लागली, घरचा खर्च किती झाला, कर्ज किती राहिले आणि आज ती काय करतात, एवढेच तिच्यात लिहायचे. नावे लिहू नका, कोणाचा पाणउतारा करायचा नाही. पन्नास गावांच्या पन्नास वह्या एकत्र ठेवल्या की आपल्या भागात कोणत्या शिक्षणाला खरा भाव मिळाला हे कोणत्याही जाहिरातीपेक्षा चांगले कळेल. पुढच्या मृगाला ज्याच्या घरी निकाल लागेल, त्याच्या हातात निदान धुऱ्यापलीकडल्या पिकाचा हिशेब असेल.